छोटा ट्रक, हात आणि डोळे

१९४४च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये मित्रराष्ट्रांचे सैन्य इतक्या वेगाने पुढे सरकले, की त्याच्यापर्यंत पेट्रोल, दारूगोळा आणि अन्न पोचवणे हेच मोठे काम होऊन बसले. रेल्वेमार्ग बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले होते. मग २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या नावाने ट्रकची रांग रात्रंदिवस धावत राहिली. ऐन भरात तिच्यात जवळपास सहा हजार वाहने होती. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. या कामाचा कणा होता तो जीएमसी कंपनीचा, तीन आसांचा, सगळ्या चाकांना इंजिनाचे बळ मिळणारा अडीच टनी ट्रक. युद्धकाळात असे पाच लाखांहून अधिक ट्रक बनले.

आज हाच ट्रक जगभरातल्या हौशी माणसांच्या टेबलावर पस्तीस पटींनी लहान होऊन उभा असतो. लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींसाठी १:३५ हे प्रमाण रूढ केले ते मुख्यतः जपानमधल्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीने. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोटरवर चालणारा पँथर रणगाडा बाजारात आणला. त्याच्या पोटात बॅटरीचे दोन सेल मावायला हवेत, या साध्या गरजेतून ते माप ठरले आणि पुढे तेच जगभर चालू राहिले. भारतीय वाहनांची आवड असणाऱ्यांना जबलपूरच्या कारखान्यात १९५९पासून जर्मन ‘मान’ कंपनीच्या परवान्याने बनू लागलेला ‘शक्तिमान’ हवा असतो. तो करायचा तर बरेचसे भाग प्लास्टिकच्या शीटमधून स्वतःच कापून घडवावे लागतात.

अशा छंदाचा आरोग्याच्या सदराशी काय संबंध, असे वाटू शकेल. संबंध दोन बाजूंनी आहे. हे काम हात, डोळे आणि मेंदू या तिघांना एकाच वेळी कामाला लावते, म्हणून ते लाभदायक आहे. आणि यात वापरला जाणारा गोंद, थिनर, रंग, धूळ व धारदार पाते यांची माहिती नसेल, तर ते अपायकारकही ठरू शकते. या दोन्हींच्या पलीकडे एक तिसरी गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वर्षानुवर्षे बारीक काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या शरीरातला बिघाड इतरांपेक्षा लवकर जाणवू शकतो.

एका मिलिमीटरचे जग

मूळ ट्रकची लांबी साधारण पावणेसात मीटर. १:३५मध्ये ती एकोणीस-वीस सेंटिमीटर होते. पावणेसहा फुटी चालक पाच सेंटिमीटरचा होतो. चाकाचा साडेतीन सेंटिमीटरचा नट एक मिलिमीटरचा होतो. असे नट, बॉनेटच्या कड्या, आरशाचे दांडे, पाट्यांचे पदर हे सगळे चिमट्याने उचलून, गोंदाचा सुईच्या टोकाएवढा थेंब लावून जागेवर बसवायचे असते.

खरी कसोटी मात्र पुढे असते. हौद्याच्या लाकडी फळ्यांवर रेषा उमटवायच्या. टिश्यू पेपर पाणी मिसळलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवून त्याची ताडपत्री करायची आणि तिच्या घड्या खऱ्यासारख्या पाडायच्या. टायर ओझ्याने किंचित दबलेले दाखवायचे. चालकाचे बूट घासून पायरीवरचा रंग जिथे उडतो, तिथेच तो उडवायचा. चिखल मडगार्डच्या आत साचतो, वर नाही, हे लक्षात ठेवायचे. यासाठी जुनी छायाचित्रे आणि संग्रहालयातली वाहने बारकाईने पाहावी लागतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात अनेक हौशी माणसे याच नजरेने फिरतात.

मिळते काय?

मेंदूच्या ज्या पट्ट्यातून स्नायूंना हालचालीचे आदेश जातात, त्यात हाताला, विशेषतः अंगठा आणि बोटांना, धड किंवा पायापेक्षा कितीतरी मोठी जागा दिलेली आहे. चिमट्याने एक नट बसवताना डोळा अंतर मोजतो, बोटांच्या त्वचेतून दाबाची खबर जाते, लहान मेंदू हालचाल सावरतो आणि पुढच्या भागात ‘आधी हे, मग ते’ असा क्रम ठरतो. आसाच्या आधी चाक चिकटवले तर ते फिरणार नाही, आणि चालकाची केबिन बंद केल्यावर आतला रंग देता येणार नाही. अशा वीस-पंचवीस टप्प्यांची आखणी हा मेंदूला चांगला व्यायाम आहे.

मनाच्या बाजूनेही फायदा आहे. हंगेरियन-अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहायी यांनी ज्या तल्लीनतेला ‘फ्लो’ असे नाव दिले, ती अवस्था काम आपल्या कौशल्याच्या जरा वर असेल तेव्हा येते. काम फार सोपे असेल तर कंटाळा येतो आणि फार अवघड असेल तर चिंता वाढते. मधल्या अवस्थेत त्याच त्या काळज्यांचे चक्र काही वेळ थांबते. ब्रिटनमध्ये ‘मॉडेल्स फॉर हीरोज’ ही संस्था आजी-माजी सैनिकांना प्रतिकृतींचे संच पुरवते, त्यामागचा विचार हाच आहे.

छंद आणि आरोग्य यांवरचा एक मोठा अभ्यास २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. १६ देशांतल्या ६५ वर्षे व त्यावरील ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यात एकत्र केली होती. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि आयुष्याबद्दलचे समाधान अधिक आढळले. अर्थात, ज्यांची तब्येत बरी असते तेच छंद जोपासू शकतात, ही दुसरी बाजूही आहे. त्यामुळे छंद हे औषध आहे असे यातून सिद्ध होत नाही. पण निवृत्तीनंतर ज्याच्याकडे सकाळी उठून करण्यासारखे आवडते काम असते, त्याचे बरे चालते, हा रोजचा अनुभव आकड्यांतही दिसतो, एवढे म्हणता येते.

बाटलीतले आणि हवेतले

आता अपायाकडे. प्लास्टिकचे संच पॉलिस्टायरीनचे असतात. त्यांचा पातळ गोंद खरे तर चिकटवत नाही, विरघळवतो. अॅसिटोन, ब्यूटाइल अॅसिटेट यांसारखी द्रावके दोन्ही कडा मऊ करतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेले की जोड पक्का होतो. म्हणजे बाटलीतले जवळजवळ सगळे द्रावक शेवटी खोलीतल्या हवेत जाते. रंगाच्या थिनरचेही तेच. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, डोळे चुरचुरणे या त्याच्या पहिल्या खुणा. दमा असलेल्यांना खोकला आणि छातीत घरघर होऊ शकते.

इथे नाक फसवते. काही मिनिटांत नाकाला वासाची सवय होते आणि वास येईनासा होतो. त्याचा अर्थ हवा स्वच्छ झाली असा नव्हे. एसी लावून खिडक्या बंद केलेल्या खोलीत हा धोका जास्त असतो, कारण घरातले बहुतेक एसी तीच हवा फिरवत राहतात. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि चटकन पेट घेते. देवघरातला दिवा, उदबत्ती, डासांची कॉइल किंवा सिगारेट त्याच खोलीत पेटलेली नसावी.

घरात किशोरवयीन मुले असतील तर आणखी एक काळजी घ्यायला हवी. टोल्यूइन असलेला गोंद आणि थिनर हुंगण्याचे व्यसन जगभर दिसले आहे. अमेरिकेत १९६०च्या दशकात ही समस्या इतकी वाढली, की हुंगणाऱ्याला नकोसे व्हावे म्हणून एका कंपनीने प्रतिकृतींच्या गोंदात मोहरीच्या तेलाचा झोंबरा अर्क घातला. दीर्घकाळ टोल्यूइन हुंगल्याने मेंदूतील पांढऱ्या भागाला आणि मूत्रपिंडाला इजा होते. हृदयाचे ठोके अचानक बिघडून मृत्यूही येऊ शकतो. म्हणून या बाटल्या कुलपात असाव्यात.

एअरब्रशने रंग देताना अतिसूक्ष्म थेंबांचे धुके तयार होते. रंग पाण्यात मिसळणारा असला तरी ते धुके फुप्फुसांत खोलवर जाते. करोनाकाळात घराघरांत आलेला एन-९५ मास्क धूळ आणि थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे फिल्टर असलेला मास्क लागतो. आणि कोणताही मास्क उघड्या खिडकीला व बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याला पर्याय ठरत नाही.

रेझिनचे दोन प्रकार नीट समजून घ्यावेत. काही जण साच्यात दोन द्रव ओतून चाके, इंजिने स्वतः बनवतात. या पॉलियुरेथेन रेझिनच्या एका द्रवात आयसोसायनेट असते आणि ते दमा निर्माण करणारे म्हणून कारखान्यांमध्ये कुप्रसिद्ध आहे. दुसरा प्रकार थ्रीडी प्रिंटरचा. त्याच्या न सुकलेल्या रेझिनमधील अॅक्रिलेटमुळे त्वचेला अॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. पुढे दातांच्या उपचारांतील तशाच पदार्थांनीही त्रास होऊ शकतो. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि त्यांवर रेझिन सांडले की लगेच बदलावेत. कोणतेही रेझिन घासताना पॉलिश पेपर ओला ठेवावा, म्हणजे धूळ उडत नाही.

जुन्या धातूच्या प्रतिकृती आणि साधी कथिल-शिशाची डाग-तार यांत शिसे असते. काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नये आणि टेबल कोरडे न झाडता ओल्या फडक्याने पुसावे. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचे अगदी कमी प्रमाणही बाधते.

पाते, गोंद आणि उडणारे पितळ

छंदाच्या पेनसारख्या कटरमधील टोकदार ११ नंबरचे पाते आणि शस्त्रक्रियेतील ११ नंबरचे पाते आकाराने एकमेकांची भावंडे आहेत. जखम बहुधा दुसऱ्या हाताच्या तर्जनीला किंवा अंगठ्याला होते. वर जखम लहान दिसते, पण आत बोट वाकवणारी दोरी किंवा नस तुटलेली असू शकते. स्वच्छ कपड्याने सलग दहा मिनिटे दाबून धरावे, मधे उघडून पाहू नये. त्यानंतर बोटाचा प्रत्येक सांधा वाकतो का आणि टोकाला दोन्ही बाजूंनी स्पर्श कळतो का, हे तपासावे. यांपैकी काही बिघडले असेल, तर टाके घालून भागत नाही. हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जावे. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, हेही सांगावे. आणि टेबलावरून घरंगळणारा कटर कधीही मांडीने किंवा हाताने झेलू नये.

फेविक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट गोंद ओलाव्याच्या स्पर्शाने घट्ट होतो, म्हणूनच तो बोटांना इतक्या पटकन चिकटतो. बोटे ओढून सोडवू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू गुंडाळल्यासारखी सोडवावीत. सुती कापडावर हा गोंद जास्त सांडला तर रासायनिक क्रियेने एवढी उष्णता निर्माण होते, की त्वचा भाजू शकते. म्हणून तो कापसाने टिपू नये.

डोळ्याच्या औषधाची समजून हाच गोंद डोळ्यात घातल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा नोंदल्या गेल्या आहेत. दोन्ही बाटल्या लहान आणि निमुळत्या असतात आणि औषध घालताना चष्मा काढलेला असतो. म्हणून गोंद आणि डोळ्यांचे थेंब एका खोलीत, निदान एका खणात तरी ठेवू नयेत. असे घडलेच, तर भरपूर कोमट पाण्याने डोळा धुवावा, पापण्या जोर लावून उघडू नयेत, अॅसिटोन जवळही आणू नये आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पितळेची नाजूक पट्टी कापताना तुकडा उडतो, तेव्हा साधा चष्मा पुरत नाही. बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा.

छंदात दिसणाऱ्या खुणा

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग कडक होत जाते आणि जवळचे अंधुक दिसू लागते. हे वयाचेच आहे. त्यासाठी योग्य चष्मा, डोक्याला लावायचे भिंग आणि भरपूर प्रकाश पुरतो. पण काही खुणा वयाच्या नावावर खपवू नयेत.

हौद्याच्या सरळ फळ्या किंवा ट्रकची चौकट मधोमध वाकडी, नागमोडी दिसू लागली, तर एकेक डोळा झाकून पाहावे. एकाच डोळ्याला तसे दिसत असेल, तर पडद्याच्या मध्यभागी सूज किंवा रक्तस्राव असू शकतो. वाढत्या वयातल्या अशा एका आजारात वेळेवर इंजेक्शने दिली तर दृष्टी वाचवता येते, पण महिनाभराचा उशीरही महागात पडतो. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो आणि म्हणून हे लक्षात येत नाही.

लष्करी हिरवा, तपकिरी आणि करडा यांतला फरक पूर्वी कळत होता आणि आता कळेनासा झाला, तर मोतीबिंदू वाढत असेल. पिवळसर झालेले भिंग निळा रंग गाळून टाकते. तरुणपणापासूनच हिरवा व तपकिरी सारखेच वाटत असतील तर तो जन्मजात रंगदोष. पुरुषांत तो बराच अधिक असतो आणि लष्करी रंगांचा पट त्याला नेमका अडचणीचा ठरतो. अशांनी बाटलीवरच्या क्रमांकावर विश्वास ठेवावा.

हाताच्या कंपाचेही असेच. प्रत्येकाच्या हाताला सूक्ष्म कंप असतो. कडक चहा-कॉफी, जागरण, चिंता किंवा दम्याचा साल्ब्युटामॉल पंप यांनी तो वाढतो. कोपर आणि मनगट टेबलावर टेकवले की बहुतेकांचे काम भागते. पण चिमटा धरताना दोन्ही हात कापू लागले आणि घरात इतरांनाही तसाच त्रास असेल, तर ‘इसेन्शियल ट्रेमर’ असू शकतो. थायरॉइड वाढल्यानेही कंप येतो. याउलट हात मांडीवर स्वस्थ असताना एकाच बाजूचा कंप, अक्षर बारीक होत जाणे आणि एक हात मंदावणे, ही पार्किन्सनची सुरुवात असू शकते. कंप नसतानाही नट बसवायला दुप्पट वेळ लागतो, एवढीच पहिली तक्रार असू शकते.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटात नस दाबली जात असेल. बोटांची टोके बधिर असतील तर मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तपासावी. अंगठ्याच्या मुळाशी दुखणे हे तिथल्या सांध्याच्या झिजेचे लक्षण असते, कारण चिमटीत धरताना बोटांच्या टोकावरील जोराच्या कितीतरी पट भार त्या सांध्यावर येतो. आणि ज्याने असे वीस संच केले आहेत, तो सूचनापत्रिकेच्या साध्या टप्प्यावर पुन्हा पुन्हा अडू लागला, तर घरच्यांनी हसण्यावारी न नेता स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी.

‘आता हे सोडा’ म्हणण्यापूर्वी

अशी एखादी तक्रार पुढे आली, की घरचे आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात, ‘बाबा, आता हे बास करा. डोळे जातील, हात कापतोय.’ बारीक कामाने डोळे ‘जात’ नाहीत. ते थकतात, आणि पापण्या कमी मिटल्याने कोरडे पडतात. हात कापतो म्हणून काम सोडल्याने कंप थांबत नाही. उलट रोजचे दोन तास रिकामे होतात, ते टीव्हीसमोर जातात, आणि आपण निरुपयोगी झालो ही भावना मागच्या दाराने आत येते. शिवाय बिघाड दाखवणारी खूणच घरातून नाहीशी होते. म्हणून आधी कारण शोधावे, मग उपचार करावेत आणि कामाची पद्धत बदलावी. १:३५ऐवजी १:२४ किंवा १:१६च्या मोठ्या मापाचा ट्रक घेता येतो. भाग चिमट्यात धरण्याऐवजी पकडीत अडकवता येतो. व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, यांचे कामच हे आहे, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत ते भेटतात. पक्षाघातानंतरच्या रुग्णाने आपला अर्धवट संच सोबत नेला, तर त्यांना तो उपचाराचे साधन म्हणून वापरता येईल.

छंद खरोखर थांबवायला हवा अशी कारणे मोजकी आहेत. वाफेने दमा वारंवार उसळणे, रेझिनची सिद्ध झालेली अॅलर्जी, किंवा पाते सुरक्षित धरता येणार नाही इतके बिघडलेले भान. पहिल्या दोन्हींतही द्रावक आणि रेझिन सोडून पांढरा गोंद, कागद आणि लाकूड यांच्यावर काम चालू ठेवता येते.

टेबल कसे असावे?

टेबल खिडकीजवळ असावे आणि पंखा हवा बाहेर फेकणारा असावा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, म्हणून दोन बाजूंनी दिवे लावावेत. काम छातीच्या उंचीवर आणावे, म्हणजे मान खाली झुकत नाही. दर वीस मिनिटांनी दूर पाहावे, मुद्दाम पापण्या मिटाव्यात. पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. चहाचा कप आणि ब्रश धुण्याचा कप एकसारखे नसावेत. रंगाचे ब्रश ओठांनी टोकदार करू नयेत. द्रावकाचा बोळा झाकणाच्या डब्यात टाकावा. कटरला टोपण असावे.

डॉक्टरकडे जाताना नेहमी विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘काय होतंय?’ अनेक ज्येष्ठ त्यावर ‘वय झालं, दुसरं काय’ एवढेच सांगतात. त्याऐवजी ‘मागच्या वर्षी चाकाचे सहा नट तासाभरात बसायचे, आता दोन तास लागतात आणि उजवा हात मागे पडतो,’ असे सांगितले, तर तपासणीला दिशा मिळते. मागच्या वर्षीचा आणि यंदाचा असे दोन ट्रक पिशवीत घालून नेले, तरी कोणी हसणार नाही.